‘अ डार्क साँग’: सूड मागायला आलेली आई शेवटी दुसरेच काही मागते, हे पटते का?

प्रश्न: सांजवेळ

लिअम गॅविन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘अ डार्क साँग’ हा २०१६ सालचा आयरिश चित्रपट नुकताच पाहिला. त्याच्या शेवटाबद्दल मनात एक पेच राहिला आहे, तो जाणकारांपुढे मांडतो. पुढे कथानक शेवटापर्यंत उघड केलेले आहे. ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे, त्यांनी येथेच थांबावे.

ज्यांनी पाहून बराच काळ झाला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोफिया हॉवर्ड (कॅथरीन वॉकर) ही स्त्री वेल्समध्ये, वस्तीपासून दूर असलेले एक मोठे घर भाड्याने घेते आणि जोसेफ सॉलोमन (स्टीव्ह ओरॅम) या तिरसट, मद्यपी मांत्रिकाला भरपूर पैसे देऊन तेथे घेऊन येते. दोघांना मिळून अब्रामेलिनचे अनुष्ठान करायचे आहे. ते महिनोन्महिने चालते, आणि साधकाला आपल्या रक्षक देवदूताचे दर्शन घडून त्याच्याकडे एक मागणे मागता यावे, हा त्याचा हेतू. सॉलोमन घराभोवती मिठाची रेघ ओढतो आणि बजावतो की, आता काम पुरे होईपर्यंत कोणीही ही रेघ ओलांडायची नाही. सोफियाचा लहान मुलगा जॅक याचे अपहरण करून काही पोरांनी त्याला जिवे मारले आहे. सुरुवातीला ती मागण्याचे भलतेच कारण सांगते, नंतर मुलाशी एकदा बोलायचे आहे असे सांगते आणि पुष्कळ उशिरा कबूल करते की, तिला सूड हवा आहे.

माझी अडचण दुहेरी आहे. पहिली अशी की, चित्रपटाचा निम्म्याहून अधिक भाग उपवास, पठण, जमिनीवर आखलेल्या वर्तुळात तासन्‌तास बसून राहणे आणि दोघांची भांडणे यांतच जातो. माझ्यासोबत पाहायला बसलेले दोघे तर ‘नमनालाच घडाभर तेल’ म्हणत मध्येच उठून गेले. मला कंटाळा आला नाही, परंतु हा संथपणा कथेला खरोखर आवश्यक होता की केवळ भयपटांच्या अलीकडच्या चालीनुसार आलेला आहे, हे ठरवता आले नाही. दुसरी अडचण मोठी आहे. चित्रपटभर सूडासाठी झिजलेली ही बाई देवदूत समोर येताच क्षमा करण्याचे बळ मागते. मन हेलावले हे खरे, पण हा बदल तिच्यात केव्हा घडला हे मला दाखवता येणार नाही. आणि जाता जाता एक साधी शंका: हा विधी खरोखर कोणत्या ग्रंथात आहे, की सारेच कपोलकल्पित?

उत्तर: पोथीवाचक

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्या उत्तरातून आपल्या मोठ्या प्रश्नाकडे जाणारी एक वाट निघते, असे मला वाटते.

विधी कपोलकल्पित नाही. वर्म्स या जर्मन गावच्या अब्राहम नावाच्या ज्यू गृहस्थाने आपल्या लामेख नावाच्या मुलासाठी लिहिलेली शिकवण, अशा रूपात हा ग्रंथ आपल्यापुढे येतो. ईजिप्तमध्ये आपल्याला अब्रामेलिन नावाचा एक वृद्ध सिद्धपुरुष भेटला आणि त्याने ही विद्या दिली, असे तो सांगतो. पॅरिसच्या आर्सेनाल ग्रंथालयातील एका फ्रेंच हस्तलिखितावरून मॅथर्स या इंग्रज गूढविद्या-अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि तेव्हापासून तो पाश्चात्त्य गूढविद्येच्या वर्तुळात प्रसिद्ध झाला. फ्रेंच प्रतीत अनुष्ठानाचा काळ सहा महिन्यांचा आहे, तर जुन्या जर्मन प्रतींमध्ये तो अठरा महिन्यांचा आहे. मॅथर्स यांच्याच ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळातील अॅलिस्टर क्राउली या इंग्रज साधकाने हे अनुष्ठान करण्यासाठी १८९९ मध्ये स्कॉटलंडमधील लॉख नेस सरोवराच्या काठचे बोलस्किन हाउस विकत घेतले होते. मात्र मंडळातील भांडणात मॅथर्सच्या बाजूने उभे राहण्यासाठी तो १९०० मध्ये ते अर्धवट टाकून निघून गेला. सरोवराकाठचे ते निर्जन घर आणि अर्धवट सुटलेले अनुष्ठान यांच्याभोवती पुढे दंतकथांचे रान माजले. चित्रपटातील ‘एकदा सुरू केले की बाहेर पडता येत नाही’ हा धाक त्या वातावरणाशी जुळणारा आहे.

आता ग्रंथ आणि चित्रपट यांच्यातील फरक पाहा. मूळ अनुष्ठान कमालीचे सात्त्विक आहे. साधकाने पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास प्रार्थना करावी, धर्मग्रंथ वाचावा, दानधर्म करावा, आहारविहार शुद्ध ठेवावा आणि जसजसे महिने सरतील तसतसे जगापासून अधिकाधिक दूर व्हावे, असा त्याचा क्रम आहे. चित्रपटात जी खडूची वर्तुळे आणि त्रिकोण दिसतात, तसल्या वर्तुळांची तर अब्राहमने चक्क टर उडवली आहे. त्याच्या मते ती भोंदू मांत्रिकांची सामग्री होय. मूळ विधीत प्रार्थनेची एक खोली आणि तिच्यालगत नदीची वाळू पसरलेली मोकळी जागा असते. वर्तुळांचा हा सारा पसारा राजा सॉलोमनच्या नावावर खपवलेल्या निराळ्या मंत्रपोथ्यांतून आलेला आहे, आणि चित्रपटातील मांत्रिकाचे आडनाव सॉलोमन असणे हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा फरक क्रमाचा आहे. ग्रंथात देवदूताचे दर्शन आधी होते. त्याच्या आधाराने साधक नंतर ल्युसिफर, लेव्हायथन, सेटन आणि बेलियल या चार अधिपतींना व त्यांच्या हाताखालच्या पिशाचांना बोलावून ताब्यात ठेवतो. चित्रपटाने हा क्रम फिरवला. सोफियाच्या वाट्याला पिशाचे आधी येतात, तीही सॉलोमन मरण पावल्यानंतर, जेव्हा तिला मंत्र सांगणारे कोणी उरलेले नसते, आणि देवदूत सर्वांत शेवटी येतो. मूळ ग्रंथाच्या क्रमाने गेले असते तर तिने देवदूतासमोर सूडच मागितला असता, कारण तोवर तिचे काहीच झिजलेले नव्हते. आपण विचारता तो बदल या उलटवलेल्या क्रमातच दडलेला आहे, असे माझे मत आहे.

उत्तर: मंदसप्तक

वरील माहितीबद्दल आभार. संथपणाबद्दल मला सांगायचे आहे.

हा चित्रपट भीती दाखवण्याआधी कष्ट दाखवतो. सोफिया फरशी घासते, उपाशी राहते, कुडकुडते, एकाच जागी बसून अंग आखडून घेते, शब्द चुकले की शिव्या खाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. हे सारे दोन दृश्यांत उरकून ‘सहा महिन्यांनंतर’ अशी पाटी दाखवणे कोणत्याही दिग्दर्शकाला सोपे होते. तसे केले असते तर आपल्याला फक्त विधी झाल्याचे कळले असते, तो तिच्या अंगावरून कसा गेला हे कळले नसते. मूल गमावलेल्या माणसाला दिवस कसा ढकलावा हा प्रश्न पडतो, आणि या बाईला पहाटेपासून रात्रीपर्यंत पुरेल एवढे काम मिळाले आहे. ती त्या कामाला ज्या चिकाटीने लटकून राहते ती पाहिली की, तिला विधीच्या फळापेक्षा विधी सुरू राहण्याची गरज अधिक आहे, अशी शंका येऊ लागते. चित्रपट हे कोठेही बोलून दाखवत नाही, हे त्याचे सामर्थ्य.

दुसरी गोष्ट खुणांची. बराच काळ काहीच घडत नाही आणि सोफियाप्रमाणेच आपल्यालाही वाटू लागते की, सॉलोमन लुबाडणारा भामटा असावा. पाखरू खिडकीवर आदळते, तेव्हाही तो योगायोग की खूण हे ठरत नाही. मग एका रात्री वरून सोन्याच्या वर्खासारखे कण झरू लागतात. चित्रपटात निर्मळ आनंदाचा क्षण बहुधा तेवढा एकच आहे. तासभर दोन माणसांखेरीज काही न पाहिलेल्या प्रेक्षकाला ती सोनेरी भुरभुर जेवढी मोठी वाटते, तेवढी ती पहिल्या वीस मिनिटांत वाटली नसती.

येथे मला आपल्याकडचा दहावा आठवतो. पिंड ठेवून सारे घाटावर थांबलेले असतात, कावळा झाडावर बसून असतो पण शिवत नाही, आणि मग घरातील कोणीतरी पुढे होऊन मोठ्याने बोलते की, धाकटीचे लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका. अडलेली इच्छा उघड बोलून दाखवावी लागते, तोवर खूण मिळत नाही. सॉलोमन सोफियावर जो चवताळतो तो नेमका यासाठीच. तिने खरे मागणे हातचे राखून ठेवले आहे, म्हणून सारे अडले आहे. सूडाची गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडल्यावर तिला शुद्ध करायचे म्हणून तो तिला न्हाणीच्या टबात बुडवतो, तिचा श्वास थांबू देतो आणि मग छाती दाबून तिला परत आणतो. पाहायला अत्यंत कठीण असे ते दृश्य आहे.

आवाजाकडेही लक्ष द्यावे. रे हार्मन यांचे संगीत सोडले तरी घराचे स्वतःचे ध्वनी भय निर्माण करतात. बंद दाराच्या पलीकडून जॅकचा आवाज येतो ते दृश्य तर पुन्हा पाहण्यासारखे आहे. कॅमेरा दाराच्या अलीकडेच राहतो. जिच्यासाठी हा आवाज म्हणजे सर्वस्व आहे, ती आई दाराला टेकून ऐकते, बोलते, आणि बोलता बोलताच तिला उमगते की, पलीकडे आहे ते आपले मूल नव्हे. वॉकर यांच्या चेहऱ्यावर हे उमगणे हळूहळू उतरते. सांजवेळ यांना बदलाचा क्षण हवा असेल तर मी तो येथे शोधेन, देवदूताच्या खोलीत नव्हे. मुलाला परत मिळवण्याच्या नावाखाली आपण कोणाला दार उघडत आहोत, हे तिला येथे प्रथम दिसते.

उत्तर: उंबरठ्याआड

मी या कौतुकात पूर्णतः सामील होऊ शकत नाही. अभिनयाबद्दल आणि छायालेखनाबद्दल दुमत नाही. काथल वॉटर्स यांनी तो करडा, ओलसर प्रकाश ज्या संयमाने टिपला आहे त्याला तोड नाही. आक्षेप पटकथेवर आहे.

पहिला आक्षेप सॉलोमनच्या एका कृत्याबाबत. विधीचा भाग आहे असे सांगून तो सोफियाला कपडे उतरवायला लावतो, आणि ते केवळ त्याच्या वासनेसाठी होते हे लगेच उघड होते. शोकात बुडालेल्या बाईच्या असहायतेचा गैरफायदा घेणारा बाबा आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दिग्दर्शकाला तो घाणेरडेपणा दाखवायचा होता हे मान्य. पण त्यानंतर कथा जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे जाते आणि अखेरीस सॉलोमनचा मृत्यू करुण करून आपल्याकडून त्याच्यासाठी हळहळ वसूल करते. झटापटीत लागलेल्या सुरीच्या जखमेने तो झिजत जातो ती दृश्ये ओरॅम यांनी उत्तम केली आहेत, आणि म्हणूनच तो हिशेब मिटल्यासारखा भासतो. माझ्या लेखी तो मिटलेला नाही.

दुसरा आक्षेप सांजवेळ यांच्याच प्रश्नाला धरून. ज्यांनी जॅकला मारले ती पोरे पडद्यावर एकदाही येत नाहीत. त्यांची नावे, चेहरे, त्यांना काय शिक्षा झाली, कशाचाच पत्ता नाही. ज्याला आपण पाहिले नाही त्याला क्षमा केल्याचे ऐकून प्रेक्षकाला काय पणाला लागले होते हे कसे जाणवावे? पोथीवाचक म्हणतात तसा क्रम उलटवल्याने सोफिया थकते, भिते, तिचे बोट छाटले जाते, हे सारे खरे. परंतु छळामुळे माणूस क्षमाशील होतो हे गृहीत मला पटत नाही. छळामुळे माणूस पुष्कळदा अधिक कडवट होतो. मंदसप्तक यांनी दाराचे दृश्य पुढे केले आहे. तेथे तिला फसवणूक कळते, हे मान्य. फसवणूक कळणे आणि सूड सोडणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पटकथेने चालून दाखवलेले नाही.

दहाव्याच्या दाखल्याबद्दलही एक दुरुस्ती. तेथे मृताची राहिलेली इच्छा पुरी करण्याचे वचन दिले जाते. सोफियाच्या बाबतीत मृत मुलाला काय हवे आहे, हे तर कोणी विचारतच नाही. मागणे पूर्णपणे तिचे स्वतःचे आहे.

सांजवेळ (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. उंबरठ्याआड यांनी शेवटी जे लिहिले आहे ते मला फार नेमके वाटले. चित्रपटभर जॅकच्या नावाने सारे चालते आणि जॅक मात्र कोठेच नाही. दाराआडचा आवाजदेखील त्याचा नाही. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. सोफिया क्षमा मागत नाही आणि क्षमा केली असेही म्हणत नाही. ती क्षमा करण्याचे बळ मागते. या फरकाला आपण काही महत्त्व देता का? की शब्द सहज आले असावेत?

उत्तर: पोथीवाचक

सहज आले असतील असे वाटत नाही. सॉलोमनच्या तोंडी विधीतील प्रत्येक शब्दाबद्दल जो काटेकोरपणा घातला आहे, तो लिहिणारा लेखक सर्वांत महत्त्वाचे वाक्य सैल सोडणार नाही. बळ मागणे याचा अर्थ ते आज तिच्याजवळ नाही. म्हणजे उंबरठ्याआड ज्या अंतराबद्दल बोलतात ते अंतर तिने चाललेले नाहीच, असे चित्रपटही मान्य करतो. तिने दिशा तेवढी बदलली आहे. पोरांना क्षमा होईल की नाही, किती वर्षांनी होईल, हे कथेच्या बाहेरचे आहे. छळामुळे माणूस क्षमाशील होतो असा दावा मला तरी येथे दिसत नाही. सूड उराशी धरून अनुष्ठान करणारी बाई तळघरात पिशाचांच्या तावडीत सापडते, तेव्हा सूडाच्या मुक्कामी कोण राहते हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. तेथून मागे फिरायला संतपण लागत नाही.

एक गोष्ट मात्र पडद्यावर प्रत्यक्ष घडते. देवदूताच्या दर्शनानंतर ती सॉलोमनचे प्रेत एकटीने बाहेर नेते आणि पाण्याच्या स्वाधीन करते. त्याने तिचा गैरफायदा घेतला होता आणि त्याचा जीव तिच्या हातून गेला होता. दोघांचीही बाजू डागाळलेली आहे. पोरांच्या बाबतीत जे नुसते मागितले, त्याचा पहिला धडा ती या माणसावर गिरवते, असे मी ते दृश्य वाचतो.

उत्तर: उंबरठ्याआड

हे वाचन मला पटते, पण त्यामुळे माझा आक्षेप उलट पक्का होतो. प्रेत उचलण्याचे दृश्य देवदूताच्या आधी असते, तर तिच्यातील बदल तिने स्वतःच्या हातांनी घडवलेला आपण पाहिला असता आणि मागणे त्यातून उगवले असते. सध्याच्या क्रमात खोलीएवढा मोठा, चिलखत घातलेला देवदूत आधी येतो, त्याच्या तेजापुढे आपण दिपतो, आणि नंतरची ती दोन-तीन मिनिटांची मूक मेहनत उपसंहारासारखी निसटून जाते. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना ते दृश्य आठवतसुद्धा नाही, देवदूत मात्र सर्वांना आठवतो. संगणकावर रचलेला तो देवदूत थोड्या पैशांत उभा केलेला आहे, हेही लपत नाही. तेवढा खर्च वाचवून केवळ सोफियाच्या चेहऱ्यावरचा उजेड दाखवला असता, तर मी हा चित्रपट तुमच्याइतकाच डोक्यावर घेतला असता.